नवशिक्यांचं गाणं

‘कोइसुरु फॉर्च्यून कुकी’ हे गाणं अंगापिंडानं भरलेलं आणि चेहऱ्यानं हसरं आहे. त्याला घाई नाही. सत्तरच्या दशकातल्या डिस्कोची ठसठशीत बास गिटार, वर व्हायोलिनांची झुळूक, आणि एकदा या पायावर तर एकदा त्या पायावर भार टाकत, कंबर हलवत पुढे येणारी चाल. जपानी पॉपमधली कित्येक गाणी ऐकणाऱ्याला धापा टाकायला लावतात. हे मात्र शेजारी येऊन उभं राहतं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आपले खांदे कधी हलायला लागले ते कळतही नाही.

एकेबी ४८ या तोक्योच्या अकिहाबारातल्या मुलींच्या गटानं ते २१ ऑगस्ट २०१३ रोजी बाजारात आणलं. शब्द गटाचे निर्माते यासुशी अकिमोतो यांचे, चाल शिंतारो इतो यांची. फॉर्च्यून कुकी म्हणजे पोटात भविष्याची चिठ्ठी घेऊन बसलेलं बिस्कीट. गाण्यातली मुलगी स्वतःच्या रूपाबद्दल साशंक आहे. तिला आवडणारा मुलगा तिच्याकडे बघत नाही. तरी ती रडत बसत नाही, उद्याच्या चिठ्ठीत काही चांगलंही निघेल म्हणते. गाण्याचा सगळा स्वभाव या मुलीत आला. बुजरं आहे, पण कोपऱ्यात बसणारं नाही.

ते गायला मधोमध उभी राहिली ती रिनो साशिहारा. या गटात त्या काळी वर्षातल्या एका सिंगलच्या वेळी मधोमध कोण उभं राहणार हे चाहत्यांच्या मतदानानं ठरत असे. जून २०१३ मध्ये साशिहाराला १ लाख ५० हजार ५७० मतं पडली आणि ती पहिली आली. ती काही गटातली सर्वांत देखणी किंवा सर्वांत चपळ मुलगी म्हणून ओळखली जात नव्हती. लोक तिला ओळखत ते तिच्या हजरजबाबीपणामुळे आणि साधेपणामुळे. आदल्याच वर्षी तिची रवानगी तोक्योहून क्युशू बेटावरच्या फुकुओकाला, एचकेटी ४८ या भगिनी-गटात झाली होती. तिथून ती सगळ्यांच्या पुढे आली. गाणं आणि गाणारी यांचं इतकं जमलेलं क्वचित दिसतं.

नाच बसवला पपाया सुझुकी यांनी. हा माणूस मुद्दाम बघण्यासारखा आहे. डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, देह चांगला दुहेरी, आणि नाचायला लागला की अंगात हाड नसल्यासारखा. चाळिशीकडे झुकलेल्या बाप्यांना घेऊन त्यांनी ‘ओयाजी डान्सर्स’ नावाचा गट चालवला होता. सुटलेल्या पोटाची, नोकरदार दिसणारी माणसं तालात नाचली की बघणाऱ्याला काय वाटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी या गाण्याला दिलेला नाच कमरेला, गुडघ्यांना आणि वयाला सांभाळून घेणारा आहे. उंच उडी नाही, जमिनीवर बसणं-उठणं नाही.

ध्रुवपदातले हात तर बघत राहावेत असे आहेत. जपानी आई डब्यासाठी ओनिगिरी, म्हणजे भाताचा तिकोनी मुटका, वळते तसे दोन्ही तळवे एकमेकांवर येतात. उजवा वर, डावा खाली. मग डावा वर, उजवा खाली. हात एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला, आणि त्यांच्याबरोबर कंबर. एवढंच. जपानात हे हात कुणाला नव्यानं शिकवावे लागत नाहीत, स्वयंपाकघरात ते रोज होतात. पायांचं नाही जमलं तर नुसत्या हातांवर निभावतं, खुर्चीत बसूनही. आपल्या शाळेत लेझमीचे सर ‘चार आवाज’पासून सुरुवात करतात आणि पहिल्याच तासाला सगळा वर्ग एका ठेक्यात येतो, तसं हे काम आहे. सोपं बसवणं सोपं नसतं. अवघड नाच रचणारे पुष्कळ आहेत. पहिल्यांदा नाचणाऱ्याची लाज ओळखून रचना करणारा दुर्मीळ, आणि मला सुझुकी यांचं हे काम त्या दृष्टीनं फार मोठं वाटतं.

या गाण्याचं कूळ शोधायला लांब जायला नको. जपानात उन्हाळ्यात ‘बोन ओदोरी’ होते. पितरांच्या सणाला वस्तीतली माणसं मधल्या लाकडी मचाणाभोवती गोल धरतात आणि मोजक्या हालचाली पुन्हा पुन्हा करत फिरतात. त्यातलं सर्वांत लाडकं गाणं ‘तांको बुशी’, कोळसा खाणीतल्या मजुरांचं. त्यात फावड्यानं उकरायचं, ओझं खांद्यावरून मागे टाकायचं, कपाळाशी हात नेऊन चंद्र बघायचा, गाडी ढकलायची. हे गाणं फुकुओकाच्याच खाणपट्ट्यातलं. आणि ‘फॉर्च्यून कुकी’चं चित्रीकरण झालं तेही फुकुओकात, गावच्या हजारो माणसांना बरोबर घेऊन. एकीकडे फावडं, दुसरीकडे भाताचा मुटका, रोजच्या कामाचे हात दोन्हीकडे नाचात आले. त्याच देशात १९२८ पासून रेडिओवरची कवायत चालते आणि सुट्टीत पोरं सकाळी सकाळी ती करायला मैदानात जमतात. सगळ्यांनी मिळून एकच हालचाल करायची सवय तिथल्या अंगात मुरलेली आहे. हे गाणं त्या सवयीचंच लेकरू आहे.

त्याचा खरा पराक्रम पुढे घडला. गटाच्या कार्यालयात काम करणाऱ्या माणसांनी नाचलेली एक चित्रफीत निघाली आणि मग कंपन्या, सरकारी कचेऱ्या, टॅक्सीवाले सगळेच रांगेत आले. निहोन कोत्सू या टॅक्सी कंपनीची माणसं नाचली. सागा प्रांताच्या कचेरीतले कर्मचारी नाचले. कानागावा प्रांताच्या चित्रफितीत तर गव्हर्नर युजी कुरोइवा स्वतः उतरले. या चित्रफिती मी वारंवार बघतो, त्या त्यांतल्या चुकांसाठी. एखाद्याचे हात अर्धा ठोका मागे असतात, कुणी शेजारच्याकडे बघून बाजू बदलतो, कुणाची मान नाचते पण कंबर हलत नाही. आणि गाणं कुणालाही उघडं पडू देत नाही. चुकलेला माणूस दोन ठोक्यांत पुन्हा रांगेत असतो, आणि तोवर त्याच्या चेहऱ्यावर हसू आलेलं असतं.

या गटाच्या तबकड्यांचा खप मोजून काही ठरवू नये, कारण त्यांच्याबरोबर मताची किंवा हस्तांदोलनाची चिठ्ठी मिळे आणि एकेक चाहता कित्येक प्रती घेई. या गाण्याची लोकप्रियता मोजायची तर नाचलेल्या कचेऱ्यांवरून मोजावी.

त्याची धाकटी भावंडंही गुणी आहेत. २०१६ साली एका दूरदर्शन मालिकेच्या शेवटी गेन होशिनोचं ‘कोइ’ लागायचं आणि कलाकार नाचायचे. तोक्योतल्या तेव्हाच्या अमेरिकी राजदूत कॅरोलाइन केनेडीसुद्धा त्यावर नाचल्या. पण त्यातली बोटं फार वेगानं पळतात, नवशिक्याची दमछाक होते. २०१८ चं ‘पाप्रिका’ मुलांसाठी गोड आहे, मात्र त्यात उड्या आहेत. पहिल्या दिवशी मी कुणालाही थोरल्याकडेच पाठवीन.

थोरल्यानं प्रवासही केला. त्याच २०१३ साली जकार्ताच्या जेकेटी ४८ नं ते इंडोनेशियन भाषेत गायलं. २०१७ च्या अखेरीस बँकॉकच्या बीएनके ४८ नं थाई भाषेत आणलं आणि थायलंड पुढे कित्येक महिने त्यावर हात वळत होता. मुंबईत असा गट काढायची घोषणाही झाली होती. मराठीत हे गाणं यावं अशी माझी फार इच्छा आहे. भात वळणारे हात आपल्याकडेही घरोघरी आहेत.

शाळेतल्या बाईंना आणि सरांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या गॅदरिंगला नाच बसवताना हे गाणं घ्या, नेहमी मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांना पुढे आणा, आणि शेवटच्या ध्रुवपदाला तुम्ही स्वतः मंचावर या.