देहरादून : राजपूर रस्त्यावरील एक दुपार

इंदूरच्या मराठी माणसाने उन्हाळ्याच्या सुटीत उत्तरेकडे प्रस्थान ठेवले, की हरिद्वार आणि ऋषिकेश हे मुक्काम ठरलेलेच असतात. गेल्या सुटीत आम्ही उभयता मात्र हरिद्वारला न उतरता तसेच पुढे देहरादूनला गेलो. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी तेथे प्रशिक्षणासाठी राहत होता. अकरावीत असताना त्याची दृष्टी गेली. "सर, काकूंना घेऊन एकदा या," असे तो कितीतरी दिवस म्हणत होता.

हरिद्वार सुटले की गाडी राजाजी अरण्यात शिरते. सालवृक्षांच्या दाटीतून वाट काढीत ती दूनच्या खोऱ्यात उतरते. एका बाजूस शिवालिकच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूस मसुरीचा डोंगर, आणि मध्ये हे शहर. शहरातून मसुरीच्या दिशेने राजपूर रस्ता जातो. याच रस्त्यावर दृष्टिबाधितांची राष्ट्रीय संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९४३ साली येथे वसतिगृह निघाले. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने ते आपल्याकडे घेतले आणि १९५१ साली येथे ब्रेल लिपीचा छापखाना सुरू झाला. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल पद्धती ठरली तीही त्याच वर्षी. मराठी 'क' आणि बंगाली 'क' डोळ्यांना निराळे दिसतात; बोटांना ते एकच लागतात.

आमच्या विद्यार्थ्याने आम्हांला झाडाखाली बसविले, चहा मागविला आणि संगणक उघडला. गतवर्षी त्याने गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' मागितले होते. माळव्यातील आणि ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांना या पुस्तकाची ओळख करून देणे नलगे. वरसईचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. चिंतामण विनायक वैद्यांनी हे वर्णन १९०७ साली प्रसिद्ध केले. आमच्याजवळील जुनी प्रत आम्ही शाळेच्या यंत्रावर पान पान ठेवून स्कॅन केली, संगणकाकडून अक्षरे ओळखवून घेतली, चार रात्री डोळ्यांखालून घातली आणि मोठ्या अभिमानाने त्याला पाठवून दिली.

"सर, राग येणार नसेल तर डोळे मिटून थोडे ऐका," तो म्हणाला.

आम्ही डोळे मिटले. संगणकाचा आवाज एकसुरात वाचू लागला. वाक्य ऐन रंगात आले आणि मध्येच पुस्तकाचे नाव व पानाचा आकडा आला. मग राहिलेले अर्धे वाक्य. पानाच्या माथ्यावरचा तो मजकूर आमच्या डोळ्यांनी सवयीने ओलांडला होता. यंत्र कोणताही शब्द ओलांडीत नाही. पुढे तोफांचे 'गोले' आले, रात्रीची 'वेल' आली. अक्षरे ओळखविताना भाषा मराठीऐवजी हिंदी निवडण्याची चूक आमचीच. त्यामुळे पुस्तकातले 'ळ' बहुतेक नाहीसे झाले होते. सौ. ना हसू आले. आम्हांला आले नाही.

"गोले कळतात हो," तो म्हणाला. "वेलही अडखळत कळते. पण एके ठिकाणी 'मरून' असे होते. युद्धाचे दिवस, तेव्हा तेथे कोणी मेले असे समजून मी चार पाने पुढे गेलो. मग संदर्भ जुळेना. वसतिगृहातल्या एकाकडून छापील प्रत पाहून घेतली, तर शब्द 'भरून' होता."

एम. ए. ला मराठी घेऊन तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेल्या आम्हांला त्या क्षणी वर पाहवेना. उघड चूक वाचक आपण होऊन दुरुस्त करतो. जी चूक अर्थात बेमालूम बसते, ती त्याला फसविते. आणि ज्याला मूळ पान पाहता येत नाही, त्याला फसविले गेल्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या डोळ्यांनी कागदावर काय आहे ते न वाचता, काय असावे तेच वाचले होते.

मग आम्ही वही काढली आणि गुरुशिष्यांच्या जागा बदलल्या. पानांचे आकडे काढून टाकू नका, असे त्याने बजावले. प्राध्यापक "पान बावन्न काढा" म्हणतात तेव्हा ते लागतात. मात्र वाक्य न मोडता ते वेगळे ठेवावेत. प्रकरणांची नावे नुसती ठळक करून भागत नाही. ती शीर्षके आहेत हे संगणकाला सांगावे लागते, म्हणजे एक कळ दाबून पुढच्या प्रकरणावर जाता येते. तळटीप वाक्याच्या मध्ये घुसू देऊ नये. चित्र असेल तेथे ते कशाचे आहे हे दोन ओळींत लिहावे.

"आणि जुने अनुस्वार? 'नांव', 'कांहीं'? ते काढून आजच्या नियमांप्रमाणे करून देऊ का?" आम्ही विचारले.

"नको, सर. पूर्वी लोक कसे लिहीत ते मलाही कळू द्या की!"

निघताना त्याने आमचा तळहात हाती घेतला आणि बोटाच्या टोकाने एकाखाली एक असे तीन ठिपके दाबले. "हा ब्रेलमधला 'ळ'. याला वेगळी जागा आहे, सर."

परत आल्यावर आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा आरंभ केला. आता सौ. छापील प्रत मोठ्याने वाचतात आणि आम्ही पडद्यावर अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. रोज रात्री सहा पाने होतात. अधिक केली की डोळे पुन्हा अंदाजाने वाचू लागतात. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशांसाठी पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करण्यास २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही, आणि अशा वाचकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. आपल्या घरोघरच्या कपाटांत आजोबांची मराठी पुस्तके आहेत. वाचकांपैकी कोणा जोडप्यास संध्याकाळचा एखादा तास देता येत असेल, तर एकाने वाचावे, दुसऱ्याने ताडून पाहावे.

आमचा मुक्काम सध्या झाशीच्या अलीकडे आहे. वेढा सुरू होण्यापूर्वी सगळे 'ळ' जागच्या जागी बसवावयाचे आहेत.