दोघांची एकच रेघ

पनवेल तालुक्यात जमिनीचा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्यावर आणि बांधावर होत आला. 2013 मध्ये सिडको ‘नैना’ क्षेत्राचे विशेष नियोजन प्राधिकरण झाले आणि आकुर्ली, बेलवली व चिखले या गावांच्या जमिनीवर पहिली नगररचना परियोजना आखली गेली. या योजनेत मालकाला मूळ क्षेत्राच्या साधारण 40 टक्के अंतिम भूखंड मिळतो. एकराचे, म्हणजे 40 गुंठ्यांचे, 16 गुंठे हाती येतात. उरलेली जमीन रस्ते, उद्याने व सुविधांकडे जाते.

भूखंड आखण्यासाठी अभियंते ‘सिव्हिल थ्रीडी’सारखी संगणक प्रणाली वापरतात. किमान क्षेत्र व रस्त्याकडील दर्शनी लांबी सांगितली, की ती त्या मापाने भूखंड पाडते. शेजारच्या दोन भूखंडांमध्ये हद्दीची रेघ एकच असते. ती सरकवली, की एकाचे क्षेत्र वाढते आणि दुसऱ्याचे तेवढेच घटते.

व्यापारी घराला हा जमाखर्च नवा नाही. तरीही भावाभावांच्या वाटणीत बहुधा गुंठेच मोजले जातात. क्षेत्र समान असले, तरी रस्त्याकडे रुंद तोंड असलेला भूखंड आणि अरुंद बोळाचा भूखंड यांचे मोल समान नसते. म्हणून सह्या करण्यापूर्वी सर्व वारसांनी, 2005 पासून समान हक्क मिळालेल्या लेकींनीही, एकत्र बसून आराखडा पाहावा. पडद्यावरची रेघ क्षणात मागे घेता येते. हद्दीचा दगड एकदा रोवला, की तो हलवण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.