बांगडीचा तास

संध्याकाळी सातला माझा तास सुरू होतो. त्याआधी दहा मिनिटं फळा मांडण्यात जातात. फळा म्हणजे फ्रिजमधली काचेची फळी. ती दोन पोह्यांच्या डब्यांवर आडवी ठेवायची, तिच्यावर मोबाइल कॅमेरा खाली करून ठेवायचा आणि खाली दिव्याच्या उजेडात वही उघडायची. मुलांना माझा चेहरा दिसत नाही. त्यांना दिसतो हात, पेन्सिल आणि कागद. दहावीची बावीस मुलं आहेत. कोणी वाईचं, कोणी दहिवडीचं, दोघं पनवेलची. बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात आणि मी ते लावायला सांगत नाही.

सुरुवातीला सांगायचे. जून २०२०मध्ये शाळा उघडल्या नाहीत, पण वर्ष सुरू झालं ते मोबाइलवर. समोर चेहरे नसले की माझा जीव कासावीस व्हायचा. पहिली दहा मिनिटं ‘ऐकू येतंय का, दिसतंय का, कॅमेरे लावा’ यातच जायची. मग हळूहळू कळत गेलं. दिवसाचा दीड जीबी डेटा भावंडांत वाटून घ्यायचा असतो. घराला खोली एकच असते आणि त्या खोलीत आजोबा आजारी असतात. आणि चेहरा दिसला म्हणजे लक्ष आहे, असं तरी कुठे होतं? तीस वर्षं शाळेच्या वर्गात पहिल्या बाकावरची टक लावून बसलेली मुलं मी पाहिली होती. त्यांतली निम्मी कुठे हरवलेली असतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

खरा धक्का वेगळ्याच दिवशी बसला. एक मुलगी आजारी होती, तिच्यासाठी तासाचं रेकॉर्डिंग ठेवलं आणि पाठवण्याआधी सहज ऐकायला बसले. चाळीस मिनिटांत मी एकतीस वेळा ‘समजलं का?’ असं विचारलं होतं, आणि एकदाही श्वासभर थांबले नव्हते. प्रश्न माझा, त्यावरचं ‘हो, समजलं ना’ हेही माझंच, आणि लगेच पुढचं उदाहरण. मध्ये कुणीतरी ‘बाई, ते...’ म्हणून तोंड उघडल्याचा आवाज होता. माझ्या बोलण्याखाली तो दडपला गेला होता. तो आवाज कुणाचा, हे मला आजही माहीत नाही. त्याची खंत जात नाही.

मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी सत्तरच्या दशकात हेच काम केलं होतं. वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात ते त्यांनी मोजलं. सरासरी एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि ज्यांना काही येत नाही असं धरून चाललेलो असतो, ती मुलंही बोलू लागतात. बीएडला हे वाचून मी परीक्षेत लिहूनही आले होते. पण हाताला लागलं ते मोबाइलवर शिकवताना, कारण इथे तीन सेकंदही पुरत नाहीत. आवाज पोचायला क्षणभर लागतो. म्यूट काढायला बोट शोधावं लागतं. मागे कुकरची शिट्टी झाली की मूल पुन्हा म्यूट करतं आणि ती थांबायची वाट बघतं. मी आता मनातल्या मनात वीसपर्यंत मोजते. गणित मांडायचं असेल, तर तीन-चार मिनिटं एक शब्द बोलत नाही.

ऑनलाइन शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम हे गप्प राहणंच आहे, असं माझं ठाम मत झालंय. वर्गात शांतता असली तरी बाई समोर असतात, पंखा फिरत असतो, कुणीतरी पेन पाडतं. मोबाइलवर आवाज थांबला आणि चित्रही हललं नाही की मुलांना वाटतं, नेट गेलं. ती बाहेर पडतात, पुन्हा आत येतात आणि तेवढ्यात धागा तुटतो. म्हणून तोंड बंद ठेवलं तरी हात चालू ठेवावा लागतो. मी कोपऱ्यात पुढच्या आकृतीची चौकट आखत बसते, पेन्सिलीला टोक काढते. पेन्सिलीची खरखर ऐकू येत राहिली की बाई आहेत, वाट बघताहेत आणि घाई नाही, हे पोचतं. उत्तरं चॅटमध्ये मागवते, फक्त मला दिसतील अशी. वर्गात वर्षभर मान वर न करणारी मुलं तिथे लिहितात. त्यातलं चुकलेलं उत्तर, नाव न घेता, वहीवर उतरवून मी विचारते, ‘असं केलं तर काय होईल?’

एप्रिल २०२१मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. आता मार्कांचा धाक दाखवून कुणाला बसवणार? तरी मे महिन्यात सहा मुलं रोज येत राहिली. ती कशासाठी येतात, हे बघता बघता मी शिकवायचं कसं ते नव्यानं शिकले. त्यांना हाताला काम हवं होतं, आणि त्यासाठी साहित्य.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला असताना गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. तिथल्या बिया, पानं, दगड हेच शिकवण्याचं साहित्य. मोबाइलमुळे माझी शाळा बावीस घरांत जाऊन बसलीय. मग त्या घरांतलं का वापरायचं नाही?

वर्तुळाच्या धड्याला मी सांगितलं, ‘आईची बांगडी आणा. आणि घरात जुनी लग्नपत्रिका असेल, तर तीही.’ बांगडी कागदावर ठेवून आतल्या कडेनं पेन्सिल फिरवली की वर्तुळ मिळतं, पण केंद्र मिळत नाही. कंपासनं काढलेल्या वर्तुळात टोकाचं भोक आयतंच असतं, म्हणून तिथे केंद्र शोधावंसं वाटत नाही. पत्रिकेचा कोपरा काटकोनी असतो. तो वर्तुळावर टेकवायचा, त्याच्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतात ते बिंदू जोडायचे. झाला व्यास, कारण अर्धवर्तुळातला आंतरलिखित कोन काटकोन असतो. कोपरा सरकवून दुसरा व्यास काढा, दोघांच्या छेदात केंद्र. मी एवढं सांगून थांबले. चॅटमध्ये व्यास येऊ लागले: ५.७ सेंमी, ६, ६.३. दहिवडीच्या मुलीनं म्यूट काढून ‘सहा’ म्हटलं, आणि मागून तिच्या आईचा आवाज आला, ‘दोन-सहाची आहे ती.’

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. ‘ताई, दोन-सहा म्हणजे काय, ते मुलांना सांगता का?’ क्षणभर काहीच आलं नाही. मग त्या म्हणाल्या, ‘कासार मापच तसं बोलतो. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ.’ दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले सहा. मुलांनी गुणाकार केला. ६.०३ सेंटीमीटर. मुलीनं पत्रिकेच्या कोपऱ्यानं काढलेला व्यास आणि कासाराचं माप जुळलं होतं. मग घराघरांतून बांगड्यांची मापं ऐकू येऊ लागली. पनवेलच्या एका मुलाची आजीही बोलली. त्या दिवशी कुणी बाहेर पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे एक तुकडाच ठेवला. माझीच एक बांगडी वाढली होती. घरात ‘फुटली’ म्हणत नाहीत, म्हणून तासालाही मी ‘वाढली’च म्हटलं. जेमतेम पाव गोलाई उरलेली. तुकडा मी वहीवर ठेवला, कडेनं रेघ ओढली आणि म्हटलं, ‘तुम्हीही एवढाच कंस काढून घ्या. कासाराकडे जायचंय. माप काय सांगू?’ पत्रिकेचा कोपरा इथे लागत नाही, कारण अर्ध्यापेक्षा कमी कंसावर व्यास मावत नाही. लागतं ते नववीत शिकलेलं: जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो. मी ते सांगितलं नाही. कागदाच्या कडेला चौकट आखत राहिले.

पाच मिनिटं गेली. एकानं तुकड्याशेजारी तुकडा काढत पूर्ण गोल जुळवायचा प्रयत्न केला, तो डोळ्यांना बरा दिसला, मापाला चुकला. ॲपची चाळीस मिनिटांची मोफत मर्यादा संपली आणि सगळं बंद पडलं. आज राहू दे असं मनात येईतो दोन मिनिटांत एकोणीस मुलं त्याच लिंकवरून परत आत. कोणीच बोलेना. माझ्यानं राहवेना, मी पेन्सिल कंसाकडे नेली, त्यावर दोन बिंदू दिले आणि तोंड उघडलं.

कधीही न बोलणाऱ्या वाईच्या मुलानं म्यूट काढलं. ‘बाई, थांबा. सांगू नका. माझं होत आलंय.’