राहून गेलेलं पोस्टकार्ड



मागच्या हिवाळ्यात नात मला इंदूरला तिच्या विद्यापीठात घेऊन गेली. एक निवृत्त राजदूत मुलांशी बोलायला येणार होते. विषय होता परराष्ट्र धोरण आणि स्थलांतर. "आजोबा, चला, घरी बसून काय करताय?" म्हणाली. गेलो.

मुलांनी अमेरिकेचा व्हिसा विचारला, चीन विचारला, युक्रेनहून परत आणलेल्या विद्यार्थ्यांचं विचारलं. माझ्या डोक्यात मात्र पीपलरावां.

सोनकच्छहून बसने जावं लागे. 1987 ते 91 तिथली कर्जखाती माझ्याकडे होती. एक शेतकरी, आपण त्यांना काका म्हणू, दोन म्हशींसाठी 12,000 रुपये घेऊन गेले. तपासणीला गेलो तर गोठ्यात एकच म्हातारी गाय! काका हात जोडून म्हणाले, "साब, छोरे को कुवैत भेज दिया." पैसे एजंटला गेले होते. नियमाने मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. मुलगा ड्राफ्ट पाठवत होता, हप्ते वेळेवर येत होते. खातं चोख होतं, मी गप्प बसलो.

2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. काका रोज शाखेत येऊन बसत. बोलत काही नसत, नुसते माझ्या टेबलाकडे बघत. तेव्हा कुवेतमध्ये आपले पावणेदोन लाखांच्या आसपास लोक होते. एअर इंडियाने जॉर्डनच्या अम्मानहून सुमारे दोन महिने विमानं चालवून एक लाखाहून अधिक माणसं आणली. त्यांत हा मुलगाही आला. अंगावरचे कपडे, एक पिशवी आणि कोणी बदलून देईना असे काही दिनार.

त्याच वर्षी सरकारची 10,000 पर्यंतची कर्जमाफी आली. पण ती 2 ऑक्टोबर 1989 ला थकलेल्यांसाठी. काका थकलेच नव्हते! वेळेवर फेडणाऱ्याला काही नाही. शेवटी दोन बिघे जमीन विकून त्यांनी कर्ज फेडलं.

माझी बदली झाली. पुढे पेपरात वाचलं, कुवेतहून परतलेल्यांनी नुकसानभरपाईचे अर्ज भरावेत. संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये त्यासाठी आयोग नेमला होता आणि पैसा इराकच्या तेलातून यायचा होता. देश सोडावा लागला एवढ्यावरच एकट्या माणसाला किमान 2,500 डॉलर. पैसे वाटले गेले तेव्हा डॉलर 35 च्या आसपास होता. म्हणजे साधारण 87,500 रुपये, कर्जाच्या सातपट!

तो कागद मी कापून डायरीत ठेवला. काकांना पोस्टकार्ड टाकू, म्हटलं. मार्च एन्डिंग आलं, मग ऑडिट, मग मुलीचं बारसं. पोस्टकार्ड राहूनच गेलं.

सभागृहात मी हात वर केला. पाय थरथरत होते. विचारलं, "साहेब, ज्यांनी तेव्हा अर्ज केलाच नाही, त्यांचं काय?" राजदूत क्षणभर थांबले. म्हणाले, "ती दारं केव्हाच बंद झाली. आम्ही विमानं पाठवू शकतो, पण गावातल्या माणसाला कागद कोणीतरी गावातलंच सांगावं लागतं."

ते कोणीतरी म्हणजे मीच होतो ना.

महिन्याभराने मुलाला गाडी काढायला लावली आणि पीपलरावांला गेलो. काका कधीच गेले. मुलगा आता साठीला आलाय, पंक्चरचं दुकान आहे. मी सगळं सांगितलं, अगदी आकड्यासकट. तो बराच वेळ ट्यूबवर कानस घासत राहिला. मग म्हणाला, "साब, लोन भी तो आप ही ने दिया था." हे माफ करणं होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

मग आतून त्याचा मुलगा आला. आठवी पास, दुबईला निघालेला. एजंट दीड लाख मागत होता. मी नातीला फोन लावला. दहावी न झालेल्याला आखाती देशात नोकरीला जायचं तर सरकारची परवानगी लागते आणि एजंट नोंदणीकृत हवा. ती यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येते, आणि फी 30,000 रुपये अधिक जीएसटी, त्याहून जास्त घेता येत नाही. नातीने शोधलं. एजंटचं नाव यादीत नव्हतं.

पोरगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याची दुबई बुडवली. बापाने फक्त विचारलं, "चाय पियोगे, साब?"

चहा घेतला. आठवड्याने नोंदणी असलेल्या दोन एजंटांची नावं पाठवली, या वेळी त्याच दिवशी.

मंडळी, आपलीही घराणी कधीतरी शिंदे-होळकर-पवारांबरोबर घोड्यावरून इकडे आली. आज आपली मुलं डल्लास, सिडनीला आहेत. त्यांना कागद सांगणारे आपण आहोत. तुमच्या ओळखीत कोणी आखातात निघालं असेल तर यादी बघून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. मला तीस वर्षं लागली.