हुकूमनामा आणि बजावणी

दिवाणी न्यायालयाच्या आवारात ज्यांनी थोडाबहुत काळ घालविला आहे त्यांस हे ठाऊक असते की, हुकूमनामा मिळणे ही एक गोष्ट आणि त्याची बजावणी होणे ही अगदी निराळी गोष्ट. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी त्याने दावा जिंकल्यानंतरच सुरू होतात, अशा आशयाचे उद्गार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलाने १८७२ साली काढले होते. दीडशे वर्षांनंतरही दरखास्तींचे गठ्ठे पाहिले म्हणजे ते कालपरवाच काढले असावेत असे वाटते. मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा विचार मनात आला की आम्हांस ह्या उद्गारांचे स्मरण होते. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रे अनुकूल, आठ तटस्थ, विरोधी एकही नाही. मनुष्यजातीच्या पदरात एवढा मोठा हुकूमनामा पूर्वी कधी पडला नव्हता. परंतु तो बजावावयाचा कोणी, ह्याविषयी त्यात अक्षर नव्हते.

राज्यशास्त्र शिकविण्यात आमची पंचवीस वर्षे गेली. शिरूर आणि दौंड ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यांची मुले आमच्यापुढे बसतात. त्यांच्यापैकी एकाने एकदा विचारले, "सर, ह्या कायद्याचा बेलिफ कोण?" वर्ग हसला, परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचे खरे उत्तर असे की, बेलिफ नाही. १९६६ साली नागरी व राजकीय हक्कांचा करार झाला आणि जाहीरनाम्यातील सदिच्छेस कराराचे बंधन आले. त्याच्या देखरेखीसाठी अठरा जणांची एक समिती जिनिव्हा येथे बसते. राष्ट्रे तिजकडे अहवाल पाठवितात, ती प्रश्न विचारते, उत्तरे ऐकते आणि आपले अभिप्राय प्रसिद्ध करते. भारताचा तिसरा अहवाल ह्या समितीने १९९७ साली तपासला. चौथा तपासण्याचा योग २०२४ च्या जुलैत आला. मधल्या सत्तावीस वर्षांत एक पिढी जन्मून आमच्या वर्गातून बाहेरही पडली. व्यक्तीने परभारे समितीकडे गाऱ्हाणे न्यावे, अशी सोय करणारा एक पूरक करार आहे. तो भारताने स्वीकारलेला नाही.

इतके सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जी उदासीनता येते ती आम्हांस परिचयाची आहे. तिच्यावर उपाय म्हणून आम्ही त्यांस जिनिव्हाहून उठवून करड्यास नेतो. करडे हे शिरूर तालुक्यातील गाव. १८७४ च्या डिसेंबरात येथील एका देशमुखांवर काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनामा मिळविला आणि बजावणीत त्यांचे घर पाडण्यापर्यंत मजल नेली. तेव्हा गावाने एकमताने ठरविले की, ह्या सावकाराचे शेत कोणी करावयाचे नाही आणि त्याच्या घरी कोणी चाकरी करावयाची नाही. हा बहिष्कार गावोगाव पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे आठवड्याच्या बाजारी भडका उडाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच तालुक्यात मोडत असे. पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले, शेकडो लोक पकडले गेले. इतिहासात ह्यास दख्खनचे दंगे म्हणतात.

ह्या दंग्यांतील एक गोष्ट आम्हांस नेहमी विचार करावयास लावते. माणसांवर हात क्वचित पडला. आग लागली ती मुख्यतः कागदांस. कर्जरोखे हाती आले की लोक शांत होत. न आले तर घर पेटे. कुणब्याने नेमके ओळखले होते की, आपला वैरी तो कागद आहे. तसे पाहता सावकारही त्या काळाच्या फेऱ्यातच सापडला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, सारा वाढला आणि उधारीचे झरे आटले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा, परिणाम असा की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा होऊ लागला. कुणबी न्यायालयात फारसा जात नसे. एकतर्फी हुकूमनामा मात्र त्याच्या दारी चालत येई, आणि त्याच्या मागोमाग जप्तीचा कारकून आणि पकडवॉरंट. प्रत्यक्ष कैदेपेक्षा कैदेचा धाक मोठा. प्रिव्ही कौन्सिलास जी बजावणी दुर्घट वाटली होती, ती निरक्षर कुणब्याच्या बाबतीत अशी सुलभ होती. सारांश, कायद्याचा हात सर्वत्रच लुळा नसतो. तो कोणाच्या बाजूने उठावयाचा ह्यावर त्याचे बळ अवलंबून असते.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, आणि १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यात एक लहानसे कलम होते: पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास पकडता अगर कैदेत ठेवता येणार नाही. शिवाय न्यायाधीशाने केवळ रोख्यावर विसंबू नये, देण्याघेण्याचा मुळापासून तपास करावा, असेही त्यात होते. पळवाटा निघाल्याच. गहाणाच्या जागी खरेदीखत लिहून घेण्याची चाल पडली, आणि ते खत वस्तुतः गहाणच आहे असे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा पुढे कायद्यात घालावी लागली. तथापि ते लहानसे कलम टिकले.

आता पुढचा योगायोग पाहावा. १९६६ च्या करारातील अकरावे कलम सांगते की, केवळ कराराची देणी भागविता येत नाहीत एवढ्याच कारणाने कोणासही कैदेत टाकू नये. भारताने हा करार १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला. ज्या नियमासाठी शिरूर-भीमथडीच्या रयतेने दंगा केला आणि तुरुंग भोगला, तो कायद्यात आल्यास त्या साली बरोबर शंभर वर्षे होत होती. मानवी हक्क ही पश्चिमेकडून आलेली वस्तू आहे असे म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा करड्याच्या चावडीसमोर उभे राहून हा हिशेब करावा.

परंतु करार स्वीकारल्याने बजावणी होत नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन ह्या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बँकेचा हुकूमनामा होता, पैसे वसूल होत नव्हते, अटकेचे वॉरंट निघाले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आंतरराष्ट्रीय करार आपोआप देशाचा कायदा होत नाही. दुसरी, देशाच्या कायद्याचा अर्थ लावताना त्या कराराशी आणि संविधानातील जीविताच्या हक्काशी जुळेल असा अर्थ लावता येतो. म्हणून दारिद्र्य हा अपराध नव्हे. देण्याची ऐपत असून लबाडीने न देणाऱ्याचीच गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय कायदा आपल्याकडे येतो तो असा, मागच्या दाराने, आपल्याच कायद्याचे धोतर नेसून. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने आयोग नेमले. महाराष्ट्राचा आयोग २००१ साली आला. परंतु आयोग करतो ती शिफारस, आणि घटनेस एक वर्ष उलटले की त्याचे दार बंद होते.

काही वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामातील एक प्रकरण आम्ही जवळून पाहिले. दौंड तालुक्यात भीमेकाठी उसाच्या फडात एक तोडणी करणारे कुटुंब होते. घरधनी आजारी पडला, त्यास गावी परतावयाचे होते; परंतु उचल फिटल्यावाचून जाता येणार नाही असे म्हणून मुकादमाने त्याची बैलजोडी अडकवून ठेवली. आमचा एक विद्यार्थी त्या फडाशेजारचा. त्याने येऊन विचारले, "सर, वर्गात शिकलो ते येथे चालेल का?" आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे असे ऋण रद्द ठरते, आणि ते वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो. अंमलबजावणीचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा व ते नेमतील त्या अधिकाऱ्यांचा.

कचेरीतील कारकुनाने पहिला प्रश्न विचारला, "उचलीचा कागद आहे का?" १८७५ साली कागद होता म्हणून रयत बुडाली, येथे कागद नव्हता म्हणून बुडावयाची वेळ आली. विद्यार्थ्याने शांतपणे भार सिद्ध करण्याचे कलम काढून पुढे ठेवले. अधिकारी समंजस होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि मुकादमास बोलावणे धाडले. तिसऱ्या दिवशी कुटुंब बैलांसह आपल्या वाटेस लागले. गुन्हा मात्र नोंदला गेला नाही. मुक्तीचा दाखला नाही, पुनर्वसनाचे साहाय्य नाही. आणि नोंदच नसल्यामुळे जिनिव्हास जाणाऱ्या कोणत्याही अहवालात ते कुटुंब कधी मोजले जाणार नाही. पुढल्या हंगामी ते पुन्हा उचल घेऊनच कोठेतरी उतरले असेल, ह्याविषयी आम्हांस शंका नाही.

तेव्हा हा विजय म्हणावा की पराजय? आमच्या मते ही एक बजावणी होती. अर्धी, परंतु खरी. जगाच्या कायद्यास स्वतःचे शिपाई नाहीत. त्याचे शिपाई म्हणजे तालुक्याच्या कचेरीतील अधिकारी, कलम दोनदा वाचण्याची तसदी घेणारा दंडाधिकारी, आणि ते कलम त्याच्यापुढे उघडून धरणारा कोणी तरी. ह्यांपैकी एक जरी जागेवर नसला तरी अठरा जणांची समिती काही करू शकत नाही. बेलिफ कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही वर्गात अपुरे दिले होते. ते त्या विद्यार्थ्याने कचेरीत पुरे केले. एवढे मात्र राहिले की, अर्ज निकाली काढताना त्याची नोंदही मागून घ्यावी. कारण करड्याच्या लोकांस कागद जाळावा लागला. आपणांस तो लिहून घेतला पाहिजे.