टाइलखालचे दोन-अडीच इंच

टाइल्सच्या दुकानात गेलात की चहा येतो, एसीसमोर खुर्ची मिळते, आणि एकसारख्या दिसणार्‍या बेज रंगाच्या चाळीस टाइल्स तुमच्यापुढे मांडल्या जातात. पण त्या टाइलच्या खाली जो सिमेंट-रेतीचा थर जातो त्याबद्दल विचारून बघा. दुकानदार म्हणतो, "ते मिस्त्री पाहील." मिस्त्री म्हणतो, "ठेकेदाराले विचारा नं भाऊ." आणि ठेकेदार म्हणतो, "चाळीस रुपये फूट धरा. होऊन जाईन, टेन्शन नका घेऊ."

तर मंडळी, बेसाला आमचं घर बांधणं सुरू आहे. भिंती झाल्या, छपाई झाली, आता गाडी जमिनीवर अडली आहे. अक्षरशः जमिनीवर.

इंग्रजीत ह्या थराला स्क्रीड म्हणतात. आपल्याकडे कोणी कोबा म्हणतं, कोणी बेडिंग, मिस्त्री नुसतंच 'माल' म्हणतो. त्यावर टाइल न लावता तोच गुळगुळीत घोटला तर त्याचं नाव होतं आयपीएस, म्हणजे इंडियन पेटंट स्टोन. नावात स्टोन आहे, प्रत्यक्षात ते काँक्रीट! असो. माझा एक टीममेट मँचेस्टरला असतो. त्याच्याकडे स्क्रीडच्या पोटात गरम पाण्याचे पाइप असतात, आणि थर वाळायला मिलीमीटरला एक दिवस असा तिथला ढोबळ हिशोब. पन्नास मिलीमीटरला पन्नास दिवस. त्याला म्हटलं, आमच्याकडे जमीन गरम करायला पाइप लागत नाहीत, मे महिना पुरतो :-)

नागपुरात खरी भानगड त्याच्याही खाली सुरू होते. आमच्याकडची काळी माती कापसाला उत्तम, घराला वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला बोटभर रुंद भेगा पडतात. तिच्यावर थेट फरशी केली तर चार-पाच पावसाळ्यांत एक कोपरा वर, दुसरा खाली. म्हणून आधी काळी माती काढायची, मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून धुम्मस करायची, मग दगडाचं सोलिंग, त्यावर पीसीसी आणि मग आपला हा माल. खालचं कच्चं राहिलं तर वरचा कितीही महाग थर वाचवत नाही. इथपर्यंतचं काम आमचं नीट झालंय, कारण बाबा रिटायर आहेत आणि रोज साइटवर खुर्ची टाकून बसतात.

आता पैशाचं. फुटाचा भाव म्हणजे क्षेत्रफळाचा भाव, आणि माल जातो घनफळात. आमचा खालचा मजला साधारण १,००० चौरस फूट. त्यावर एक इंच माल म्हणजे ८३ घनफूट. सुका माल ओला झाल्यावर बसतो, म्हणून गुणिले १.३३, झाले ११० घनफूट. एकास सहाच्या प्रमाणात त्यातला सातवा भाग सिमेंट. एका बॅगेत सव्वा घनफूट, म्हणजे जवळजवळ १३ बॅगा. उरलेली रेती ९५ घनफूट, थोडक्यात एक ब्रास. आम्हाला मिळालेल्या भावाने (सिमेंट ३६०, रेती ७,००० रुपये ब्रास) हे होतात अकरा-साडेअकरा हजार. मजुरी वेगळी. एका इंचाला! सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला म्हणून आम्ही खूश होतो, पण अर्धा इंच माल जास्त गेला की ती सगळी खुशी जमिनीत. वरच्या मजल्यावर तर हाच एक इंच म्हणजे स्लॅबवर पावणेपाच टन वजन, कायमचं.

म्हणजे प्रश्न 'काय भाव' हा नाहीच. प्रश्न आहे 'किती जाडी', आणि जाडी ठरते खालचं किती वाकडं आहे त्यावर. मग एका शनिवारी मी आणि मिस्त्री लेवल पाइप घेऊन बसलो. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकांना पाणी एकाच उंचीवर. वीस हजारांचं लेझर मशीन जे सांगतं तेच ही शे-दीडशे रुपयांची नळी सांगते, फक्त आत बुडबुडा राहता कामा नये. भिंतींवर एक मीटरवर निळी रेघ मारली आणि दर पाच फुटांवर खाली मोजत गेलो. चाळीस आकडे. एक्सेलमध्ये टाकले (सवय!). पीसीसीमध्ये व्हरांड्याच्या बाजूपासून स्वयंपाकघरापर्यंत पावणेदोन इंचाचा उतार निघाला. सर्वात उंच जागी दीड इंच माल धरला तर सर्वात खोल जागी सव्वातीन, सरासरी २.४.

आता तिन्ही कोटेशनं पुन्हा काढली. पहिला ३८ रुपये फूट, पण दीड इंचापर्यंत, पुढच्या प्रत्येक इंचाला १४. म्हणजे पन्नास रुपये साठ पैसे. दुसरा ४४, दोन इंचापर्यंत, पुढे १२. झाले अठ्ठेचाळीस ऐंशी. तिसरा ५२ मध्ये 'जितका लागेल तितका'. चौदा रुपयांचा फरक सव्वातीनवर आला, आणि सगळ्यात स्वस्त माणूस मधला निघाला.

तरी सव्वातीन रुपयांसाठी मी निर्णय घेतला नसता. घेतला तो बाबांच्या खोलीमुळे. गेल्या वर्षी त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, आता चालतात, पण पाय फारसा उचलला जात नाही. त्यांच्या खोलीत त्यांना कोटाच हवा, उन्हाळ्यात थंड राहतो म्हणून. आमचा कोटा २५ मिलीमीटरचा, हॉलमधली टाइल १० ची. दोन्हीखाली सारखा माल टाकला तर दारात अर्ध्या इंचाहून मोठी पायरी. आपल्याला ती दिसतही नाही, रात्री बाथरूमला उठलेल्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला तेवढी पुरते. तिघांपैकी फक्त दुसर्‍याच्या मिस्त्रीने, पैशांआधी, विचारलं: "कोटा कोणत्या खोलीत लावून राहिले भाऊ? तिथं माल कमी टाका लागन." काम त्याला दिलं.

हॉलमध्ये आधी माल पट्टीने सपाट करून, तो पक्का झाल्यावर टाइल अ‍ॅडहेसिव्हने चिकटवायची असं ठरलंय. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळे साध्या सिमेंटची पकड तिच्यावर नीट बसत नाही आणि पुढे टाइल पोकळ वाजायला लागते. खर्च वाढतो, पण ४ बाय २ च्या टाइलला मला दुसरं काही पटलं नाही. बाबांच्या कोट्याला मात्र जुनी पद्धत, ओल्या मालावर, कारण दगडाची जाडी तुकड्यागणिक वेगळी.

पाणी मारण्यावरून थोडी वादावादी झाली. ठेकेदार म्हणे तीन दिवस पुरे. आमचं सिमेंट पीपीसी, म्हणजे आत फ्लाय अ‍ॅश, आणि त्याला ताकद यायला वेळ लागतो. आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक अशा सिमेंटला किमान दहा दिवस सांगतं, गरम कोरड्या हवेत चौदा. नागपूरला गरम कोरडी हवा शिकवायला नको. (मे २०२४ मध्ये इथल्या एका सेन्सरने ५६ अंश दाखवले होते. मागून हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण आम्हा नागपूरकरांना आधी खरंच वाटलं.) दहा दिवसांवर तडजोड झाली, आणि पाणी मारणार बाबा. खुर्चीवर बसून, पाइपने.

येत्या शनिवारी कन्हानची रेती येतेय, सव्वादोन ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, ट्रकची लांबी-रुंदी आणि रेतीची उंची मोजून. पण ओलसर रेती फुगते, कधी वीस-पंचवीस टक्के, आणि तेवढी आपण हवा विकत घेतो. त्यामुळे ट्रक आला की आधी मूठभर रेती दाबून बघायची, लाडू वळला तर भावाचं पुन्हा बोलायचं. टेप बाबांनी आत्ताच खिशात ठेवलाय.