दुकानदारांची नाणी

दुकानदाराकडे सुटे पैसे नसले की तो काय करायचा, ते आईबाबांना विचारा. हातावर एक गोळी ठेवायचा! पण १८६३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीला गेला असतात, तर गोळीऐवजी चक्क दुकानाचं स्वतःचं नाणं मिळालं असतं.

ओहायो नदीकाठचं हे गजबजलेलं शहर. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. घाबरलेल्या लोकांनी सोनं दडवलं, मग चांदी. १८६२ मध्ये तर एका सेंटची नाणीही बाजारातून गडप झाली! आता पाव घ्यायचा कसा नि मोड द्यायची कशी? लोक टपालाची तिकिटं देऊ लागले. ती चिकटायची, फाटायची. म्हणून जॉन गॉल्ट या गृहस्थाने ती पितळी चकतीत अभ्रकाच्या पारदर्शक झाकणाखाली बसवली.

मग व्यापाऱ्यांनीच सेंटएवढ्या तांब्याच्या चकत्या पाडून घेतल्या. वाणी, खाटीक, औषधवाला, ज्याची चकती त्याचं नाव-गाव तिच्यावर. मोड झाली नि जाहिरातही! काहींवर मोठ्या अक्षरांत 'एक सेंट' आणि वर बारीक 'नाही'. काहींवर झेंडा पाडू पाहणाऱ्याला जागीच गोळी घालण्याचा हुकूम. त्यातही एका ठशात 'स्पॉट'चं झालं 'स्पूट'! अशा चुकीच्या चकत्या संग्राहक आवर्जून शोधतात.

पण चकती परत घ्यायला दुकानदाराने नकार दिला तर? न्यूयॉर्कमध्ये तसंच घडलं. लिंडेनम्यूलर या मद्यगृहाच्या मालकाने दहा लाखांवर चकत्या वाटल्या. घोड्यांच्या ट्रामवाल्या कंपनीने त्या भाडं म्हणून घेतल्या. ढीग साठल्यावर ती बदलून मागायला गेली, तर स्वारीने सरळ हात वर केले! कायद्याचा आधार नव्हता, नुकसान कंपनीचं. शेवटी २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने सरकारने काशाचे नवे सेंट आणले आणि एक-दोन सेंटच्या खासगी चकत्यांवर बंदी घातली.

लढाईत नाण्यांवर अशी पाळी आपल्याकडेही आली. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला. तो मात्र सरकारी. आजीच्या जुन्या डब्यात सापडतो का, बघा. सापडला तर चिंच लावून घासू मात्र नका हं! घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.